दप्तरी दाखल केलेली जोडी

मामा, तीन रेघा आल्या.

जिथं एक यायला हवी होती तिथं तीन. मधली ठळक, दोन्ही बाजूंच्या बारीक, आणि तिघींमधलं अंतर अगदी सारखं. परवा तुमचा तेरावा झाला, काल दुपारी पाहुण्यांची शेवटची गाडी गेली, आत्या जरा आडव्या झाल्या आणि मी स्वयंपाकाच्या ओट्यावरच लॅपटॉप उघडून बसले. दुर्बिणीवाल्यांचा मेल तुमच्या दहाव्याच्या आदल्या दिवशीच येऊन पडला होता, पण त्या गडबडीत मेल कोण बघतंय. फाइल उघडली, ताऱ्याचा वर्णपट पडद्यावर आला आणि चहा तसाच राहिला. मी उठले आणि "मामा, बघा" म्हणत थेट पडवीत गेले. पडवीत तुमची खुर्ची होती आणि खुर्चीवर कुणीतरी वाळत घातलेला टॉवेल. दूध घालायला आलेली शेजारची सुनंदा माझ्याकडं बघत उभी राहिली. मग काय, तिलाच सांगितलं की तीन रेघा आल्या. ती म्हणाली, बरं झालं वहिनी.

तुमच्याविषयी जे लिहायचं ते लोकांचं लिहून झालंय. नसरापूरच्या चौकात तुमचा फ्लेक्स लागलाय. फोटो कुणी निवडला देव जाणे, त्यात तुम्ही एखाद्या सोसायटीच्या चेअरमनसारखे दिसताय. खाली छापलंय, ‘मितभाषी व्यक्तिमत्त्व’. मितभाषी! ज्या माणसानं लग्नाच्या दुसऱ्याच दिवशी नव्या सुनेला पाऊण तास मोजणीच्या साखळीच्या कड्या समजावून सांगितल्या, तो मितभाषी. मला ते सगळं लिहायचं नाही. मला तुम्हाला निकाल सांगायचाय आणि एक कबुली द्यायचीय. तुम्ही समोर असतात तर कबुली आधी मागितली असती, म्हणून निकाल पहिल्या ओळीतच सांगून टाकला.

सासऱ्याला मामा आणि सासूला आत्या म्हणायची आपल्याकडची रीत, पण मला तुम्ही सासरे असे कधी वाटलातच नाही. वाटलात ते दुसऱ्या ऑफिसातले सीनियर. भोरला आमच्या घरी मला बघायला आलात तेव्हा माझ्या वडिलांनी घाबरत घाबरत सांगितलं होतं, की मुलगी कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि पुण्यातल्या एका गटाबरोबर ताऱ्यांवर संशोधन करते.  नवरा मुलगा महेश बशीतल्या पोह्यांकडंच बघत होता. तुम्ही खुर्ची पुढं ओढलीत आणि विचारलंत, तारे मोजता का नुसते बघता? मी म्हटलं, मोजतो. तुम्ही आत्यांकडं वळून म्हणालात, "ही आपल्याच खात्यातली हाय." लग्न तिथंच ठरलं, बाकीची बोलणी नुसती व्हायची म्हणून झाली.

सारी नोकरी तुम्ही जमिनी मोजण्यात काढलेली. भोरपासून वेल्ह्याच्या पार टोकापर्यंत, डोंगरउतारावरची भातखाचरं, नकाशा पाटीवर लावून आणि राजगडाच्या बालेकिल्ल्यावर नजर धरून. म्हणून लग्नानंतरचा तुमचा पहिला प्रश्नही तसाच होता. साखळी तर पोचणार नाही, मग अंतर कसं धरता? मी सांगायला लागले की पृथ्वी सूर्याभोवती फिरते, जानेवारीत एका बाजूला असते, जुलैमध्ये दुसऱ्या, आणि दोन्हीकडून बघितलं की जवळचा तारा किंचित सरकलेला दिसतो. माझं वाक्य पुरं व्हायच्या आत तुम्ही हात वर केलात. म्हणजे पायथा पृथ्वीच्या फेऱ्याचा आणि वर दोन कोन, एवढंच ना? एवढंच. कॉलेजात हे समजवायला मला दोन तास लागतात, मामा. त्या दिवसापासून संध्याकाळचा चहा तुमच्या प्रश्नांशिवाय झाला नाही.

मी ज्या ताऱ्यांवर काम करते त्यांचं नाव श्वेत बटू. तुम्हाला ते नाव कधी आवडलं नाही, मुंजीतल्या मुलासारखं वाटतं म्हणायचात. सूर्यासारखा तारा म्हातारा झाला की आधी प्रचंड फुगतो, मग वरचे थर उधळून देतो, आणि मागं उरतो तो जेमतेम पृथ्वीएवढा गच्च गोळा. त्यात जाळ नसतो, नुसती धग असते. तो पुढं काही करत नाही, फक्त निवत जातो. तुम्ही लगेच म्हणालात, मग निखारा म्हणा की सरळ. आतून आत्या बोलल्या, "निखाऱ्याला हात लावला की चूल कवा इझली ते कळतंय." मी पळत आत जाऊन त्यांना मिठी मारली होती, आठवतं? आमचा अख्खा विषय त्या एका वाक्यात बसतो. निखारा किती गरम आहे ते मोजायचं आणि तारा विझून किती काळ झाला ते सांगायचं.

मी शोधत होते ते अशा निखाऱ्यांच्या जोड्या. दोन तारे एकत्र जन्मले, एकमेकांपासून लांब राहून एकमेकांभोवती फिरत राहिले आणि दोघंही विझले. त्यांचा नियम सोपा आहे. जड तारा आपलं इंधन भराभरा जाळतो, म्हणून तो आधी विझतो. जड ताऱ्याचा निखाराही जडच राहतो. म्हणजे जोडीतला जड निखारा आधी विझलेला निघाला पाहिजे, हलका मागून. माझ्या यादीतल्या बहुतेक जोड्या शहाण्यासारख्या वागत होत्या. काही मात्र उलट्या निघाल्या. जड निखारा अजून रसरशीत, काल-परवा विझल्यासारखा, आणि हलका थंडगार. असं होत नसतं, म्हणून मी ठरवून टाकलं की या जोड्याच नव्हेत, दोन परके तारे योगायोगानं शेजारी दिसताहेत. यादीतून काढल्या. तुमच्या भाषेत दप्तरी दाखल. त्यांचे छापील कागद रफ म्हणून तुमच्या टेबलावर ठेवले, पाठकोऱ्या बाजूवर तुम्ही गावातल्या लोकांना त्यांच्या हद्दी काढून दाखवायचात म्हणून.

आणि तिथंच घोटाळा झाला, कारण तुमच्या हातात कागद दिला की तुम्ही तो दोन्ही बाजूंनी वाचणार.

गेल्या मार्गशीर्षातली सकाळ होती ती. भात झोडून झालं होतं, अंगणात ऊन होतं. तुमच्या साखळीचं दुसरं टोक ज्यांनी तीस वर्षं धरलं ते बबनअण्णा कापूरहोळवरून नवा तांदूळ न्यायला आले होते. महेशला कारखान्यात सुट्टी होती. तुम्ही बबनअण्णांना कसली तरी हद्द काढून दाखवता दाखवता कागद उलटा केलात आणि मला हाक मारलीत. हे रकाने कशाचे? मी सांगितलं, अंतर, आकाशातली चाल, वजन, धग. तुमचं बोट एका जोडीवर थांबलं. अंतर एक. चाल एक. दिशा एक. मग ही जोडी नाही कशावरून? मी म्हटलं, वय जुळत नाही. वय कुणी सांगितलं? धगीनं. तुम्ही चष्मा काढलात, आणि बबनअण्णांनी कपाळाला हात लावला, कारण आता वेल्ह्याची गोष्ट येणार हे त्यांना कळलं होतं.

ती गोष्ट घरातल्या मांजरालाही पाठ आहे, तरी सांगते, कारण सगळं तिच्यावर उभं आहे. नोकरीचं पहिलं वर्ष. वेल्ह्याच्या पलीकडं डोंगराच्या कुशीत एक गाव. तुम्हाला एक गट, म्हणजे जमिनीचा एक तुकडा, मोजायचा होता. कागदावर त्या गटाची नोंद अलीकडची, म्हणून तुम्ही अहवालात ऐटीत लिहिलंत की हे रान नव्यानं लागवडीखाली आलेलं दिसतं. शेजारच्या खाचराची मालकीण, म्हणजे लगतदार, एक म्हातारी बांधावर बसून बघत होती. ती उठली, तुमच्या हातात पहार दिली आणि शेताच्या बरोबर मधे नेऊन खुपसायला लावली. गुडघाभर खाली खण्ण वाजलं. जुन्या बांधाचे दगड. दोन जुनी शेतं होती ती, एकत्रीकरणाच्या वेळी जोडून त्यांचा एक गट केलेला. म्हातारी म्हणाली, "कागूद धाकटा हाय बाबा, रान न्हाई." नोंदीची तारीख रानाच्या जन्माची नव्हती, दोन रानं जोडल्याची होती. तुम्ही अहवाल मागं घेतलात आणि गावासमोर माझं चुकलं म्हणालात.

गोष्ट संपवून तुम्ही तो कागद माझ्यासमोर धरलात. "तुझी जड चांदणी एक न्हवतीच. दोन व्हत्या. एकत्रीकरण झालंय, आन् घड्याळ तिथनं नव्यानं लागलंय. तिचं वय तिला इचारू नगंस. लगतदाराला इचार."

आणि मी काय म्हणाले? मी म्हणाले, मामा, आकाशात तलाठी नसतो.

महेश हसला, बबनअण्णा तर खोकेपर्यंत हसले. तुम्हीही हसलात. मग तो कागद चार घड्या करून खिशात ठेवलात आणि बबनअण्णांना सोडायला फाट्यापर्यंत चालत गेलात. मी दिवसभर स्वतःवर खूश होते. चांगला टोला हाणला की मला दुसरं काही सुचत नाही, हा माझा जुना रोग आहे आणि तो तुम्हाला माहीत होता.

त्यानंतर तुम्ही मला ताऱ्यांविषयी विचारेनासे झालात. रुसला नाहीत, रुसणं तुमच्यात नव्हतं. कॉलेजचे पेपर, भोरची एसटी किती उशिरा आली, नसरापूरला कुणाचं दुकान उघडलं, सगळं विचारायचात. फक्त चांदण्या नाहीत. माझ्या लक्षात यायला तीन आठवडे लागले. लक्षात आलं तेव्हा बरं वाटलं नाही, पण तोंड उघडून मी काही बोललेही नाही.

बोलले नाही, पण हिशेब केला. भोरहून परत येताना कापूरहोळला गाडी बंद पडली होती. दुसरी गाडी येईपर्यंत ढाब्याच्या बाकड्यावर बसून मी तुमच्या त्या जोडीचे आकडे पुन्हा मांडले, या वेळी जड ताऱ्याकडं न बघता. हलक्याला विचारलं. तो विझून किती काळ झाला, विझण्याआधी किती जगला असेल, दोन्हींची बेरीज. ही जोडीची खरी उमर. मग जडाचा विचार केला. तो पहिल्यापासून एकटा असता तर एवढ्या काळात कधीच थंड पडला असता. पण दोन हलके तारे असते, आपापलं आयुष्य सावकाश जगून अलीकडंच एक झाले असते, तर? जुळलं. असं जुळलं, मामा, की मी बाकड्यावरून उठून उभी राहिले आणि शेजारच्या गॅरेजमधल्या माणसाला वाटलं माझी गाडी आली.

आणि ऐका, सगळ्यात लाजेची गोष्ट ही की तारे एकमेकांत मिसळतात हे मला माहीत होतं. पुस्तकात असतं, मी ते शिकवलंयही. पण माझ्याच यादीत, माझ्याच हातांनी बाजूला काढलेल्या ओळींत ते असेल असं डोक्यात आलं नाही, कारण मी नियमाच्या बाजूनं उभी होते. तुम्हाला नियम नवा होता, म्हणून तुम्ही ओळीकडं बघितलंत.

आता ते सगळं कसं झालं असेल ते सांगते, आणि मधे बोलू नका. सुरुवातीला तारे तीन होते. दोन अगदी जवळ, तिसरा खूप लांब, स्वतःच्या नादात. जवळच्या दोघांतला मोठा आधी म्हातारा झाला आणि इतका फुगला की धाकटा त्याच्या अंगातच सापडला. दोघं एका घोंगडीत. धाकटा आत फिरतोच आहे, त्या दाट वायूला घासतो आहे, दर फेरीला आणखी आत सरकतो आहे, आणि त्या घुसळणीनं शेवटी घोंगडीच उडून जाते. उरतो एक निखारा आणि त्याला जवळजवळ चिकटलेला एक जिवंत तारा. पुढं धाकट्याची पाळी. तोही फुगतो, पुन्हा तेच. आता दोन निखारे, इतके जवळ की एकमेकांभोवतीची फेरी तासाभरात पुरी होते. एवढी जड माणसं एवढ्या वेगानं फिरायला लागली की जागाच हलते, मामा, खरोखरची जागा, अवकाश. त्या लाटांत त्यांचा जोर हळूहळू झिरपून जातो, फेरी लहान लहान होत जाते, आणि एक दिवस दोघं एक होतात.

एक झाल्यावर तो नवा निखारा पुन्हा पेटल्यासारखा तापतो. म्हणूनच तो मला तरुण दिसला. दोघांच्या फिरण्याचा सगळा वेग त्याच्या अंगात उतरतो, म्हणून तो भिंगरीसारखा फिरतो. आणि त्या घुसळणीत त्याच्यात जबरदस्त चुंबकत्व येतं. लांबच्या तिसऱ्याला याचा पत्ताही नसतो. तो आपला निवत बसलेला, त्याच्या घड्याळाला कुणी हात लावलेला नाही. म्हणून खरं वय त्याच्याकडून कळतं. आज बघणाऱ्याला जोडी दिसते, आणि होते ते तिघं.

तर या तीन रेघा त्या चुंबकत्वाच्या आहेत. हायड्रोजनची एक रेघ जोरदार चुंबकत्वात सापडली की फुटून तीन होते. आणि एवढंच नाही. त्याच मेलमधल्या दुसऱ्या फाइलीत त्या ताऱ्याच्या उजेडाची मापंही होती. तो उजेड काही मिनिटांच्या ठेक्यानं कमी-जास्त होतोय. म्हणजे पृथ्वीएवढा गोळा, काही मिनिटांत एक गिरकी! साधा, एकटा विझलेला निखारा तासन्‌तास घेतो एका फेरीला, कधी दिवस. वय उलटं, चुंबकत्व, गिरकी, तिन्ही एकाच ताऱ्यात. पुण्यातल्या आमच्या गटाचे सर फोनवर सावधपणे म्हणाले की यातलं एकेक सुटं दुसऱ्या कारणानंही होऊ शकतं, शिक्कामोर्तब करायची घाई नको. आणि लगेच स्वतःच दोनदा हसले. इतक्या वर्षांत त्यांना फोनवर हसताना मी पहिल्यांदा ऐकलं.

एक भांडण मात्र अजून शिल्लक आहे. ते दोघं निखारे झाल्यावर एक झाले, की जिवंत तारे असतानाच मिसळून गेले आणि मग तो मोठा तारा यथावकाश विझला? वर सांगितलं ते मी पहिल्या बाजूनं सांगितलं, कारण ती तुमची बाजू असणार, दोन जुनी रानं जोडली असं तुम्ही म्हणाला असतात. मला दुसरीही शक्य वाटते, आणि तिच्या बाजूनं माझ्याकडं दोन चांगले मुद्दे आहेत. ते खोडून काढायला आता घरात कुणी नाही. महेश म्हणतो, तू सांगशील ते बरोबर. हे ऐकून मला काल किती रडू आलं ते त्याला कळलंच नाही.

आता कबुली. त्या बाकड्यावरून उठले त्याच आठवड्यात सरांना सांगून दुर्बिणीसाठी अर्ज पाठवला. जानेवारी होता. अर्जात तुमची जोडी, एकटीच. अर्ज मंजूर झाल्याचं कळलं तेव्हा उन्हाळा होता, तुम्ही अंगणात भाताच्या रोपांची जागा भाजायच्या राबासाठी पाला पसरत होतात आणि मी तुमच्यापासून दहा हातांवर मोबाईल धरून उभी होते. तरी सांगितलं नाही. मला वाटलं, निकाल घेऊनच जाऊ. तयार, पक्का, हातात ठेवता येईल असा. आणि खरं सांगू, मनात असंही होतं की निकाल उलटा आला तर झाकून जाईल, मग मला तुमच्यापुढं चुकले म्हणायची पाळीच येणार नाही. तुम्ही गावासमोर म्हणाला होतात. मला अंगणातही जमलं नाही.

आश्विनात दुर्बिणीनं आपलं काम केलं. त्याच पंधरवड्यात एका सकाळी तुम्ही भात कितपत भरलंय ते बघायला खालच्या खाचरात गेलात, एक लोंबी तोडलीत, दाणा दातानं चावून बघितलात आणि बांधावर बसलात. तिथून उठला नाहीत. तुमच्या हातात लोंबी तशीच होती, असं महेश सांगतो. भात कुणी कापायचं हा प्रश्न आला नाही. आळीपाळीनं एकमेकांचं भात कापायच्या सावडीत या वर्षी आपली पाळी शेवटची होती, पण तुमच्या नवव्या दिवशी सगळी आळी विळे घेऊन खाली उतरली आणि दुपारपर्यंत खाचर मोकळं केलं.  ज्याची ज्याची हद्द तुम्ही कधी काढून दिली होती, तो प्रत्येक जण होता.

काल संध्याकाळी आत्यांना सांगितलं. तीन रेघा, गिरकी, तुमचं म्हणणं, सगळं. त्या शांतपणे ऐकत होत्या. मग विचारलं, त्यांना हे ठाऊक होतं का. मी म्हटलं, नाही. निकाल त्यांच्या नंतर आला. आत्या म्हणाल्या, निकालाचं नाही विचारत, तू विचारायला पाठवलंयस हे ठाऊक होतं का. मी नाही म्हणून मान हलवली. मला वाटलं त्या समजूत घालतील, म्हणतील की त्यांना कळलंच असेल गं. आत्या तसं कधी बोलतात का?

"न्हाई कळलं त्यांना," त्या म्हणाल्या. "सांगायचं व्हतंस. नुसती वाट बघण्यात त्यांचं वरीस ग्वाड गेलं असतं."

मामा, एवढंच होतं. तुम्हाला पुरावा नको होता. तुमची हद्द जिथं म्हणाल तिथं निघते की नाही, हे बघायला कुणीतरी पहार घेऊन गेलंय, एवढं हवं होतं. दहा महिने तुम्ही रोज चहाला मला विचारलं असतंत, आलं का काही. मी चिडले असते. तुम्ही बबनअण्णांना, सुनंदाला, एसटीच्या कंडक्टरला सांगितलं असतंत की वरच्या एका चांदणीची मोजणी लागलीय. तो सगळा आनंद माझ्या हातात होता आणि मी तो निकाल येईपर्यंत राखून ठेवला. निकाल आलाय आणि तो अगदी तुम्ही म्हणालात तसा आलाय, आणि मला आनंद होतोय, इतका की लाज वाटते. दोन्ही एकाच वेळी होतंय, मी काय करू.

आज सकाळी पहिल्या गाडीनं कापूरहोळला गेले. बबनअण्णांच्या दारात उभं राहून, त्यांच्या सुना-मुलांसमोर म्हटलं, अण्णा, त्या दिवशी मी मामांना हसले, चूक माझी होती, बरोबर ते होते. अण्णांनी मला आत बसवलं. मला त्यातलं काही कळत नाही, म्हणाले, पण तुझ्या सासऱ्याचं माप एकदाच चुकलं होतं आणि ते तो स्वतः जन्मभर सांगत फिरला. फाट्यापर्यंत चालत गेलात त्या दिवशी तुम्ही वाटेत काय बोललात, हेही मी विचारलं. अण्णा म्हणाले, काही नाही, तांदूळ यंदा चिकट निघालाय म्हणाला. मी परतीच्या गाडीत हसले आणि रडले, दोन्ही.

घरी आले ती थेट लॅपटॉपवर. दप्तरी दाखल केलेल्या सगळ्या जोड्या पुन्हा यादीत घेतल्या. प्रत्येकीतल्या हलक्याला वय विचारलं. मामा, एक-दोन नाहीत, बऱ्याच आहेत! काही खरोखरच परक्या निघतील, काहींचं माप चुकलेलं असेल, पण बाकीच्यांत दोनांचं एक झालेलं असलं तर अशा विचित्र जोड्या कशा तयार होतात हे आम्ही पहिल्यांदा नीट मोजून सांगू शकू. नवा अर्ज लिहिला. अशा जोड्या ओळखायच्या कशा, या परिच्छेदात तुमचं नाव घातलं, पुढं आपल्या गावासकट लिहिलं, ‘मोजणीदार, वरवे बुद्रुक’. सर म्हणाले, अर्जात असं लिहायची पद्धत नसते. मी म्हटलं, सर, राहू द्या. त्यांनी तो परिच्छेद पुन्हा एकदा वाचला, मग म्हणाले, राहू दे.

दुपारी चारला अर्ज गेला. ‘पाठवा’ हे बटण दाबलं आणि तशीच उठून पडवीत आले. महेश पहिल्या पाळीवरून आला होता, सुनंदा दूध घेऊन आली होती, आत्या तांदूळ निवडत होत्या. मी सगळ्यांना सांगितलं, की आत्ता, या मिनिटाला अर्ज पाठवलाय, मामांच्या सगळ्या जोड्यांचा. उत्तर यायला सहा महिने लागतील. कदाचित नाहीच म्हणतील. दिलीच दुर्बीण, तरी आकाश त्या रात्री साफ असेल की नाही माहीत नाही. आणि साफ असलं तरी मी साफ चुकलेली निघू शकते.

आत्यांनी सूप बाजूला ठेवलं.

"असूं दे," त्या म्हणाल्या. "आत्तापासनंच वाट बघूया की सगळी."